कुची, मिमी, काओइरो

रोहा
१३ जुलै २०२५

ती. बाबांस,
नम्रताचा शिरसाष्टांग नमस्कार.

आज रविवार म्हणून मोबाइल हातात मिळाला, तर तुम्ही "बरी हायस ना? आईशी बोल" एवढंच बोललात आणि फोन तिच्याकडे दिलात. म्हणून हे पत्र. मोबाइल उद्या पुन्हा ऑफिसच्या कपाटात जाईल. आमच्या जपानी वर्गाच्या प्रतिक्षा मॅडमचा नियम कडक आहे. फोन फक्त रविवारी आणि मराठी फक्त जेवताना. बाकी दिवसभर जपानी. जपानला म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला जायचं तर त्यांची भाषा अंथरुणातून उठतानाच तोंडात पाहिजे, असं त्या सांगतात.

या आठवड्यात आम्हाला चेहरा शिकवला. शिकताना सारखी तुमची आठवण येत होती, कारण तुम्ही वर्षभर गणपतीचे चेहरेच तर करता. चेहरा म्हणजे काओ. डोळा मे, कान मिमी, नाक हाना, तोंड कुची. भुवई मायुगे आणि कपाळ हिताई. फुलालासुद्धा हानाच म्हणतात, फक्त सूर जरा वेगळा लावायचा. आणि गंमत म्हणजे आपण 'मी' म्हणताना छातीला हात लावतो, तर ते लोक नाकावर बोट ठेवतात. माझ्या शेजारी पोलादपूरची दिशा बसते, ती सारखी छातीला हात लावायची. मॅडमनी शेवटी तिचं बोट धरून नाकावर नेऊन ठेवलं.

तुम्हीही शिका. यंदाचे आपले गणपती जोह्यातून जपानी ऐकून जाऊ देत. आईला आणि भाविकावहिनीला नमस्कार. जितेशदादाला सांगा, माझी सायकल कुणाला देऊ नको.

तुमची,
नम्रता


जोहे
१८ जुलै

चि. नम्रता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला बोलता येत नाय हे तुला ठाऊक हाय. कानाला तो डबा लावला की सगळे माझ्याकडेच बघत बसतात. पत्र बरं.

कारखान्यात नुसती धावपळ हाय. फिनिशिंगला माणूस मिळत नाय. पांढरा रंग मारून मूर्त्या उभ्या हायत, बाहेर ऊन नाय, वाळायचं नाव घेत नायत. भाविका अंगाचा रंग आणि दागिने बघते. चांगला हात हाय तिचा. जितेश गाड्या, गिऱ्हाईक आणि भांडणं बघतो. डोळ्यांची आखणी माझी. ती मी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाय, हे तुला सांगायला नको.

तुझे शब्द खडूने भिंतीवर लिहून ठेवले. एकेक डोळा आखताना 'मे' बोलतो. टेम्पोवाला मिथुन गाडी भरायला आला तेव्हा त्याला बोललो, "तुझी मिमी साफ कर, मघापासून हाका मारतोय." तो तुझ्या आईला विचारायला गेला, म्हाताऱ्याला काय झालं.

एक विचारायचं हाय. तू नाकाला हाना लिहिलंस, मग सोंडेला काय बोलतात? आमचं काम त्याच्यावाचून अडलंय.

तिथे पोटभर खा. कच्चा मासा आत्तापासून खायला लावत नायत ना?

तुझा बाबा,
गुणाजी


रोहा
२३ जुलै

ती. बाबांस सा. नमस्कार.

तुमचा प्रश्न मी वर्गात विचारला. मॅडमसुद्धा हसल्या. सोंडेलाही हानाच म्हणतात. वेगळा शब्द नाही. हत्तीचं नाक लांब, एवढंच. त्या म्हणाल्या, तुझ्या वडिलांना वर्गात आणून बसव.

आता नुसती नावं संपली, रोजचं बोलणं सुरू झालं. एखाद्या आजोबांना कमी ऐकू येत असेल तर बहिरे म्हणायचं नाही. 'मिमी गा तोओई' म्हणायचं, म्हणजे कान लांब आहे. हाना उंच झाली म्हणजे अभिमान वाटला. ज्याच्या पोटात गोष्ट राहते त्याची कुची घट्ट. आणि म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाबद्दल बोलताना नुसतं कुची नाही, मानाने 'ओकुची' म्हणायचं.

पण मला सगळ्यात आवडलेला शब्द काओइरो. काओ म्हणजे चेहरा, इरो म्हणजे रंग. आम्ही सकाळी खोलीत गेलो की आधी माणसाची काओइरो बघायची. ती वाईट दिसली तर चहापाणी बाजूला, आधी कळवायचं. मॅडम म्हणतात, माणूस ठीक आहे म्हणतो ते ऐकून घ्या, पण विश्वास चेहऱ्यावर ठेवा.

आणखी एक. शब्द नुसते भिंतीवर लिहून येत नाहीत. आरशासमोर उभं राहायचं, त्या त्या जागी बोट ठेवायचं आणि मोठ्याने म्हणायचं. तुम्हीही तसंच करा.

६ ऑगस्टला जपानहून एका वृद्धाश्रमाची माणसं येणार आहेत. आमच्यातून मोजक्याच मुली घेतील. तुमची हाना उंच करून दाखवीन.

नम्रता


जोहे
२९ जुलै

चि. नम्रता हिस आशीर्वाद.

सोंडेचं वाचून बरं वाटलं. म्हणजे जपानी माणसाला आमच्या कामात फार शिकवावं लागणार नाय.

तू सांगितल्यासारखा आरसा घेतला. कारखान्यात खांबाला दाढीचा टांगलेला हाय तोच. दुपारी जेवण झालं की बोट लावून बोलतो. हिताई, मायुगे, मे, हाना, इथवर गाडी सरळ जाते. पर त्या कुचीने फजिती केली बघ. शुक्रवारी बोलायला गेलो तर शब्द बाहेरच येईना. 'खुई खुई' असं कायतरी व्हायला लागलं. आरशात बघतो तर तोंडाचा उजवा कोपरा खाली आलेला. मला वाटलं आरसाच वाकडा लागलाय. तो सरळ केला तरी तसंच. हसलो, तर हसूसुद्धा अर्ध्याच तोंडाला आलं. थोडा वेळ स्टुलावर बसलो, मग आपोआप गेलं. पुन्हा कुची बोललो ते अगदी नीट. तुझ्या आईला सांगितलं, पोरीची जपानी भाषा तोंड वाकडं करते. ती बोलली, वारा लागला असेल, गरम पाण्याने शेक.

काल मंडळाच्या मोठ्या मूर्तीची आखणी चालू होती तर ब्रश हातातून सुटला. बोटांना मुंग्या. भुवईवरून काळा ओघळ गालापर्यंत गेला. भाविकाने पटकन ओलं फडकं मारलं म्हणून निभावलं. दिवसभर हात वर धरून काम, दुसरं काय होणार.

तू ह्याचं काय मनावर घेऊ नको. ६ तारखेचं बघ. मी आईला सांगून ठेवलंय, पोरीला घरचं कायपण सांगून डोकं फिरवायचं नाय.

तुझा बाबा


रोहा
१ ऑगस्ट, शुक्रवार

प्रिय भाविकावहिनी,

हे पत्र मिथुनदादाच्या हातात देते आहे. तो मूर्ती उतरवायला रोह्याला आलाय, आज संध्याकाळपर्यंत जोह्यात पोचेल. बाबांच्या किंवा दादाच्या हातात हे पडू देऊ नकोस. आधी तू वाच.

बाबांचं पत्र आत्ता मिळालं. त्यांचं तोंड एका बाजूला खाली आलं होतं, शब्द फुटत नव्हता, हातातून ब्रश सुटला. वहिनी, हा वारा नाही, म्हातारपण नाही आणि जपानीही नाही. आम्हाला याच गोष्टीचा वेगळा धडा आहे. मेंदूकडे जाणारं रक्त क्षणभर अडतं, मग वाट मोकळी होते आणि माणूस पहिल्यासारखा होतो. पुढच्या वेळी मोकळी होईलच असं नाही.

मी मॅडमना सांगून ऑफिसमधून दादाला फोन केला. फोन बाबांनीच उचलला. "अगो काय नाय, जीभ वळली नाय एवढंच. तू तुझा अभ्यास कर," असं बोलून ठेवून दिला. पुन्हा लावला तर कुणी घेतला नाही.

म्हणून तुला सांगते. त्यांना हसायला सांग, दोन्ही कोपरे सारखे वर जातात का बघ. दोन्ही हात समोर धरायला सांग, एखादा खाली येतो का बघ. एक सरळ वाक्य बोलायला सांग. यातलं एक जरी चुकलं तर कुणालाही न विचारता दवाखान्यात घेऊन जा. आणि चुकलं नाही तरी उद्याच पेणला डॉक्टरला दाखवा. रक्तदाब कधी तपासलाय त्यांचा? मला तर आठवत नाही.

सीझन आहे, ऑर्डरी आहेत, दादा चिडेल, सगळं मला माहीत आहे. तरी तूच करू शकशील.

तुझी,
नमू


जोहे
२ ऑगस्ट

प्रिय नमू,

मिथुन सकाळी पेणला चाललाय, तो हे पोस्टात टाकणार हाय म्हणून घाईत लिहिते.

तुझं पत्र मी एकटीनेच वाचलं. काल रात्री जेवण झाल्यावर मी बाबांना सरळच बोलले, हसून दाखवा. ते आधी खरंच हसले, बोलले, "सुनेने असं कधी सांगितलं नव्हतं." दोन्ही बाजू सारख्या होत्या. हात धरायला लावले, ते पण सारखे. वाक्य बोला बोलले तर मला शिव्या घालायला लागले, आणि त्या अगदी स्पष्ट होत्या. म्हणजे सगळं ठीक हाय गो. आई बोलल्या, मोठ्या मूर्तीला गावभरचे लोक बघायला येतात, कुणाची तरी नजर लागली असेल. त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

डॉक्टरचं काढलं तेव्हा मात्र तुझा दादा माझ्यावरच उखडला. बोलला, "मंडळाची माणसं सोमवारी मूर्ती बघायला येतायत, एकाही डोळ्याची आखणी पुरी नाय, आणि तुम्ही दोघी घरात आजार शोधताय." बाबांनी पण त्याचीच री ओढली. गणपती गेल्यावर जाऊ, असं ठरलं.

मला वाटतं तू लांब असल्यामुळे जास्त घाबरलीस. मी दिवसभर त्यांच्या बाजूलाच रंग कालवायला बसते, लक्ष ठेवीन. तू तुझ्या मुलाखतीचं बघ. एवढ्या वर्षांत आपल्या गल्लीतून कुणी पनवेलच्या पुढे नोकरीला गेलं नाय. सगळ्यांचे डोळे तुझ्याकडे लागलेत.

तुझी,
वहिनी


रोहा
४ ऑगस्ट, सोमवार

वहिनी,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. दोन झटक्यांच्या मधल्या वेळात माणूस अगदी ठीकच दिसतो, भीती त्याचीच आहे. पण आता हे सांगून उपयोग आहे का, तेच मला कळत नाही. कारण काल फोनवर काहीतरी वेगळंच चाललं होतं.

काल रविवार. मी दादाला फोन केला. तो बोलला, बाबा कारखान्यात आहेत. मी म्हटलं, त्यांना दे. तर बोलला, हात रंगाने भरलेत. आईशी बोलले तर ती "जेवलीस का, नीट झोप" एवढंच म्हणत राहिली आणि मध्येच फोन दादाला परत दिला. तुला मागितलं, तर तू बाहेर गेली आहेस म्हणे. कारखान्यात ऐन सीझनला रंग फवारायचा कॉम्प्रेसर बंद? माझ्या कानावर त्याची घरघर आली नाही. लिफ्टची घंटा मात्र मी दोनदा ऐकली. जोह्यात लिफ्ट कुठे आहे, वहिनी?

मिथुनदादा आज कोलाडला मूर्ती सोडायला आलाय, जाताना थांबला. त्याला विचारलं तर माझ्याकडे बघेना. "मला बोलायला बंदी हाय," एवढंच म्हणाला. हे पत्र मी जबरदस्तीने त्याच्या खिशात घातलंय.

मला खरं सांग. उद्या दुपारपर्यंत खरं कळलं नाही तर मी इथून निघते आणि मिळेल त्या गाडीने येते.

नमू


पनवेल
५ ऑगस्ट, पहाटे

नमू,

मी दवाखान्यातून लिहिते. मिथुन हे घेऊन लगेच निघतोय.

शनिवारी दुपारी बाबा मोठ्या मूर्तीचा डावा डोळा आखायला घेत होते. मी खाली बसून काळा रंग पातळ करत होते. ते मला काहीतरी बोलले. मला वाटलं 'पाणी दे' बोलले. पाणी दिलं तर तांब्या हातात धरता येईना. वर बघितलं. तू लिहिलं होतंस तसंच तोंड. मी बोलले, बाबा, हसा. ते हसले नाहीत गो, माझ्याकडे नुसते बघत राहिले. उजवा हात लोंबत होता.

तुझा दादा हमरापूरला गेला होता, फोन लागेना. मी मिथुनला हाक मारली. टेम्पोत मूर्ती भरलेल्या होत्या, त्या उतरवायला वेळ नव्हता. आम्ही दोघांनी बाबांना पुढे बसवलं, मी त्यांचं डोकं खांद्यावर धरलं. पेणच्या डॉक्टरांनी सुई दिली आणि तिथून पनवेलला पाठवलं. इथले डॉक्टर बोलले, आणखी थोडा उशीर केला असता तर बोलणं आणि हात दोन्ही गेलं असतं. आता शुद्धीवर हायत. बोलतात, पण अडखळत. मानेतली मोठी शीर आतून चरबीने अरुंद झालीय, ती उघडून साफ करायची. ऑपरेशन उद्या, बुधवारी सकाळी. डॉक्टर बोलले, धोका दोन्हीकडे हाय, केलं तरी आणि नाही केलं तरी.

शब्द जमायला लागले तेव्हा बाबांनी पहिली गोष्ट ही सांगितली, की नमूला कळवायचं नाय. तुझा दादा आणि आई लगेच कबूल झाले. आईंनी सगळ्यांना शपथ घालायला हात पुढे केला, तेव्हा मी माझा हात मागे घेतला. तुझं पत्र नसतं तर मी पाणी देऊन पुन्हा रंग कालवत बसले असते. तुझ्याशी खोटं कसं बोलू?

ये किंवा येऊ नको, मी सांगत नाय. बाबांना काय हवंय ते तुला कळलं. मला काय वाटतं ते मी लिहीत नाय. ठरव तू.

वहिनी


रोहा
१७ ऑगस्ट, रविवार

प्रिय वहिनी,

मी पोचले. मॅडमनी मला परत घेतलं. त्या दिवशी मिथुनदादाच्या टेम्पोत बसताना त्यांनी मला फाटकापाशी थांबवून सांगितलं होतं, "उद्या तू नसलीस तर ती माणसं तुला दुसऱ्यांदा बोलावणार नाहीत, हे समजून जा." मी समजून गेले. काल त्यांनी तो विषय काढला नाही, फक्त माझी पेटी उचलून आत नेली. दिशाची निवड झाली. ती मला मिठी मारून रडली, मला मात्र रडू आलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी दुसऱ्या एका वृद्धाश्रमाची मुलाखत आहे, व्हिडिओवर. मॅडमनी माझं नाव दिलंय. पण अभ्यासात मन लागत नाही.

वहिनी, बाबा माझ्याशी का बोलले नाहीत? ऑपरेशन नीट झालं, गुंगी उतरली, शब्दही जमायला लागले. सिस्टरला "पंखा कमी करा" म्हणाले, मिथुनदादाला रस्त्याचं विचारलं, तुला तर रंगाचे डबे झाकलेस का म्हणून दोनदा ओरडले. मी मात्र रोज सकाळी ओलं फडकं घेऊन त्यांचं तोंड पुसायचे, शिकवलंय तसं कपाळापासून खाली, कानामागे, हनुवटीखाली, आणि ते डोळे मिटून घ्यायचे. एकदाही माझं नाव घेतलं नाही. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, काही वेळा ठरावीक शब्द परत यायला वेळ लागतो. मी त्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न केला. पण मला माहीत आहे, ते रागावलेत. त्यांच्यासाठी मी मुलाखत सोडून आले आणि त्यांना तेच नको होतं.

त्यांना कधी विचारून बघ. आणि मंडळाच्या मूर्तीचं काय झालं? चतुर्थी तोंडावर आली. आखणी कोण करतंय?

नमू


जोहे
९ सप्टेंबर

चि. नम्रता हिस अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नको. हात माझाच हाय. थोडं लिहितो, थांबतो, पुन्हा लिहितो. भाविका बोलली, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी नाय बोललो.

वहिनीने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. तुला वाटतं मी रागावलो होतो. रागावलो होतोच, पर तुझ्यावर नाय. आणि शब्द हरवला होता असंही नाय. तुझं नाव माझ्या तोंडात पहिल्या दिवसापासून होतं. तू दवाखान्याच्या दारात उभी राहिलीस, अंगावर तो वर्गाचा निळा कुडता, केस विस्कटलेले, आणि मला कळलं की पोरीचं जपान गेलं, माझ्यापायी गेलं. तोंड उघडलं असतं तर 'परत जा' एवढंच बोललो असतो. आणि तू गेली असतीस तर ऑपरेशनच्या खोलीत मला फार भीती वाटली असती. म्हणून डोळे मिटून पडलो. तू तोंड पुसायचीस ते मला सगळं कळत होतं.

मंडळाच्या मूर्तीचं सांगतो. मी घरी आलो तेव्हा तिचा एक डोळा झालेला आणि एक कोरा. जितेश बोलला, हमरापूरहून कुणालातरी आणतो. मी ब्रश हातात घेऊन बघितला, तो धरल्याचंच बोटांना कळेना. मग भाविकाला बोलावलं. ती बोलली, "बाबा, मला नाय जमणार, तुम्ही आजवर हात लावू दिला नाय." मी बोललो, त्या दिवशी माझ्या तोंडाकडे नीट बघितलंस ना, तसंच ह्याच्याकडे बघ. ती शिडीवर चढली. मी खाली खुर्चीत. कोरा डोळा पुरा केला, मग मी आखलेल्या डोळ्याकडे बघून बाहुली जरा खाली घेतली. मंडळाची माणसं आली, बराच वेळ समोर उभी राहिली. एक जण बोलला, यंदा नजर वेगळी वाटते. मी सांगितलं, सुनेने केली. ते मूर्ती घेऊन गेले. बाकीच्या सगळ्या आखण्या पण तिनेच केल्या. तुझा दादा आता तिला विचारल्याशिवाय ऑर्डर घेत नाय.

आता तुझं. ह्या महिन्यात त्या दुसऱ्या लोकांची मुलाखत हाय ती तू द्यायची. घेतलं तर जायचं. मला गोळ्या हायत, भाविका हाय, आई मीठ कमी टाकते आणि मी गुपचूप जेवतो. मी कसा हाय हे आता दादाला, आईला, मिथुनला कुणाला विचारू नको. मला विचार. जपानहून पण मलाच विचार. जे असेल ते सांगीन, लपवणार नाय. तुझ्या आईसमोर कबूल केलंय.

आजचं सांगतो. बोलणं ठीक. तोंड सरळ. पाय ठीक. सकाळी शर्टाचं वरचं बटण मला लावता आलं नाय, बराच वेळ खटपट केली, मग आईने लावलं. मला रडू आलं.
सांगितलं.

तुझा बाबा,
गुणाजी